निवेदन मार्चमध्ये नको, सप्टेंबरमध्ये: गावचं काम राज्याच्या अर्थसंकल्पात कसं बसवायचं

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याला कोर्ट नाक्यावर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात थोडा वेळ उभे राहा. प्लास्टिकचं फोल्डर काखेत धरून माणसं येत असतात. शहापूरकडचे सरपंच, मुरबाडची शाळा व्यवस्थापन समिती, एखाद्या सोसायटी फेडरेशनचे सेक्रेटरी. सगळ्यांचं म्हणणं एकच, "बजेट येतंय ना, म्हणून आलो." निवेदन दिलं जातं, पोच मिळते, फोटो निघतो आणि काम तिथेच संपतं.

लेखा शाखेत माझी बरीच वर्षं गेली आणि असली निवेदनं मीही नस्तीला लावली आहेत. ती वाईट नसायची, उशिरा आलेली असायची. पंगत उठायला लागल्यावर आचाऱ्याला पदार्थ सुचवून उपयोग नसतो. अर्थसंकल्प मार्चमध्ये वाचला जातो, पण त्यातले आकडे पावसाळा सरल्यापासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत खालून वर चढत असतात. 2025-26 चा अर्थसंकल्प 10 मार्च 2025 ला विधिमंडळात मांडला गेला. त्या दिवशी आकडे जाहीर झाले, पण ठरले होते त्याच्या कितीतरी आधी.

खालचा क्रम मी एकाच उदाहरणावरून सांगतो. समजा, शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेला दोन नव्या वर्गखोल्या हव्या आहेत.

टप्पा 1: काम कोणाच्या मालकीचं, ते आधी शोधा

सगळ्यात जास्त निवेदनं इथेच वाया जातात. रस्ता दारासमोरून जातो म्हणून तो महापालिकेचाच असतो असं नाही. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, एमआयडीसीचा, सिडकोचा, एमएमआरडीएचा, जिल्हा परिषदेचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो. घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी कुणाच्या दारात जायचं, हा प्रश्न ठाणेकरांना नवा नाही. मालक चुकला की पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" या शेऱ्यासह फिरत राहतं आणि त्यात वर्ष जातं.

नवी मुंबईकरांची एक ठरलेली चूक सांगतो. खारघर, कामोठे, कळंबोली बोलताना आपण नवी मुंबईत धरतो. पण ते पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं, आणि तिथली जिल्हा नियोजन समिती अलिबागची. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर मात्र ठाणे जिल्ह्यात. आणि बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांना निवेदन दिलं म्हणजे जिल्ह्याच्या योजनेत काम घातलं, असंही होत नाही.

तपासा: मालकी तोंडी विचारू नका. रस्त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक असतो, शाळेला यू-डायस क्रमांक असतो, जमिनीला सातबारा असतो. हा क्रमांक मिळाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात घालू नका.

आपल्या उदाहरणात शाळा जिल्हा परिषदेची. म्हणजे प्रस्ताव शिक्षण विभागाकडून निघणार, बांधकाम जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग करणार आणि पैसा बहुधा जिल्हा वार्षिक योजनेतून येणार.

टप्पा 2: पैसा कुठल्या खिशातला

"शासनाने निधी द्यावा" या वाक्याला काही अर्थ नाही. शासनाचे खिसे अनेक आहेत आणि एकाचा पैसा दुसऱ्यात सहज जात नाही.

राज्यस्तरीय योजना मंत्रालयातल्या त्या त्या विभागाच्या. जिल्हा वार्षिक योजनेवर जिल्हा नियोजन समितीचा हात असतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. रोजचं काम बघतात जिल्हा नियोजन अधिकारी, आणि खरी माहिती त्यांच्याच शाखेत मिळते. या योजनेचे तीन कप्पे असतात: सर्वसाधारण, अनुसूचित जातींसाठीचा आणि आदिवासींसाठीचा. पाडा आदिवासी असेल तर शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन या, कारण तिथला निधी वेगळ्या वाटेने येतो. याशिवाय आमदार निधी, जिल्हा परिषदेचा सेस (स्वतःचं उत्पन्न) आणि ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधी आहेच. शहरात असाल तर महापालिकेने प्रस्ताव पाठवल्याशिवाय नगरोत्थानसारख्या योजनेतून पैसा हलत नाही, त्यामुळे तिथे पहिलं दार महापालिकेचंच.

खिसा कळला की त्यावरची चिठ्ठी वाचायची, म्हणजे लेखाशीर्ष, खर्च ज्याखाली नोंदतात तो सरकारी क्रमांक. सुरुवातीचे चार आकडे पाठ असले तरी पुरे. 2202 सामान्य शिक्षण, 2210 आरोग्य, 3054 रस्ते-पुलांचा महसुली (चालू) खर्च, 5054 त्यांचाच भांडवली (मालमत्ता उभारणीचा) खर्च. गावाकडे कार्यकर्ते "पंचवीस-पंधरातून रस्ता आणला" म्हणतात, ते ग्रामविकासाचं 2515 हे शीर्ष. 2 आणि 3 ने सुरू होणारी शीर्षं महसुली, 4 आणि 5 ने सुरू होणारी भांडवली. शीर्षाच्या तळाशी खर्च कशावर होणार तेही क्रमांकानेच लिहितात. 01 म्हणजे वेतन, 31 म्हणजे सहायक अनुदान, 53 म्हणजे मोठी बांधकामे.

सावध: दुरुस्तीच्या शीर्षाखाली नवं बांधकाम मागितलं, की प्रस्ताव पहिल्याच टेबलावर परत येतो. "दुरुस्ती व नवीन खोल्या" असं एका पत्रात एकत्र लिहिणं ही लोकांची आवडती चूक. दोन कामं असतील तर दोन पत्रं द्या.

टप्पा 3: कागदांचा संच

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. निधी कमी असतो तेव्हा अधिकारी आधी तयार कामं उचलतो. त्यात दरवेळी पक्षपात असतो असं नाही. मार्चपर्यंत पैसा खर्ची पडला नाही तर उत्तर त्याला द्यायचं असतं, म्हणून ज्याचे कागद पूर्ण ते काम पुढे जातं.

वर्गखोल्यांसाठी संच साधारण असा लागतो:

1. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. त्यात पटसंख्या, सध्याच्या खोल्या आणि किती खोल्या कमी पडतात हे आकड्यांत लिहा. "मुलांची गैरसोय होते" हे वाक्य कुठल्याच तक्त्यात बसत नाही.
2. ग्रामसभेचा ठराव. मासिक सभेचा चालत नाही. दिनांक आणि ठराव क्रमांक स्पष्ट हवा.
3. जागेचा पुरावा. याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.
4. जुनी खोली पाडून त्याच जागी नवी बांधायची असेल तर निर्लेखनाचा आदेश, म्हणजे जुनी खोली सरकारी नोंदीतून उतरवल्याचा कागद.
5. चालू दरसूचीप्रमाणे उपअभियंत्याच्या कार्यालयाने केलेलं अंदाजपत्रक.
6. हे काम दुसऱ्या कुठल्या योजनेतून मंजूर नाही, असा दाखला.

यातले तीन कागद लोकांना नेहमी दगा देतात.

पहिला निर्लेखनाचा. छत गळतंय, भिंतीला चीर आहे, सगळ्यांना दिसतंय. पण जुनी इमारत कागदावरून उतरली नाही तोवर तिच्या जागी नवी उभी करता येत नाही. एका शाळेच्या कामात मी स्वतः ही चूक पाहिली आहे. निधी आला, ठेकेदार ठरला आणि निर्लेखनाचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात पडून होता. तोवर मार्च उलटला. निर्लेखनाचं काम उन्हाळ्यातच सुरू करा, निधीची वाट बघत बसू नका.

दुसरा जागेचा. शहापूर-मुरबाड पट्ट्यात निम्म्या वेळा जमीन वनखात्याची निघते. तिथे वनहक्क कायदा 2006 मधलं कलम 3(2) कामाला येतं. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा ठरवून दिलेल्या सुविधांसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट अशी, की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. मग ग्रामसभेच्या ठरावातच ही शिफारस वेगळ्या परिच्छेदात घाला, म्हणजे पुन्हा सभा बोलवावी लागणार नाही.

तिसरा अंदाजपत्रकाचा. दरसूची बदलली की जुनं अंदाजपत्रक निकामी होतं. दोन वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवलाय म्हणून तोच जोडू नका.

तपासा: संचाच्या तीन प्रती करा, प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि वर अनुक्रमणिका लावा. कारकुनाला पान शोधावं लागलं नाही तर तुमचं काम पुढे सरकतं. हे शहाणपण कुठल्या नियमपुस्तिकेत नाही.

टप्पा 4: महिने पाळा

तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, पण चाल हीच.

जून ते ऑगस्ट: कागद गोळा करणे. पावसाळ्यात गळकं छत, तुंबलेला रस्ता यांचे तारखेसह फोटो घेऊन ठेवा.

सप्टेंबर-ऑक्टोबर: खालची कार्यालयं पुढच्या वर्षाचे अंदाज बनवतात. आठमाही अंदाजपत्रक, नऊमाही अंदाजपत्रक (चालू वर्षाचे सुधारित अंदाज) हे शब्द तेव्हा कानावर पडू लागतात. चालू वर्षात किती खर्च झाला यावर पुढच्या वर्षाची मागणी उभी राहते. तुमचा संच गटशिक्षणाधिकाऱ्यामार्फत जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात पोचायला हवा तो याच काळात.

नोव्हेंबर-डिसेंबर: यंत्रणा, म्हणजे काम करणारे विभाग, आपापल्या मागण्या जिल्हा नियोजन कार्यालयाला देतात, शासनाने कळवलेल्या कमाल मर्यादेत प्रारूप आराखडा बसवला जातो. कात्री लागते ती इथे.

जानेवारी-फेब्रुवारी: जिल्हा नियोजन समितीची बैठक आणि मग राज्यस्तरावर वाढीव मागणीची चर्चा. या वेळी एकूण रक्कम वाढू शकते, पण यादीत नसलेलं काम आयत्या वेळी आत शिरणं अवघड.

मार्च: अर्थसंकल्प मांडणे, चर्चा, विभागवार मागण्यांवर मतदान, विनियोजन विधेयक.

सावध: निवडणुकीचं वर्ष वेगळं चालतं. 2024 मध्ये 27 फेब्रुवारीला अंतरिम आणि 28 जूनला पूर्ण अर्थसंकल्प मांडला गेला. अशा वर्षी नवी कामं मागे सरकतात, त्यात आचारसंहितेचे आठवडे धरा आणि मगच गावाला तारीख सांगा.

टप्पा 5: मागणीपत्र एका पानाचं

पत्रात लोकांना भाषण करायचा मोह होतो. स्वातंत्र्याची किती वर्षं झाली, आमचा पाडा किती उपेक्षित, हे सगळं खरं असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून तक्ता भरायचा असतो. विषयाची ओळ अशी लिहा:

"जिल्हा परिषद प्राथमिक शाळा (यू-डायस क्रमांक), तालुका शहापूर येथे दोन वर्गखोल्यांच्या नवीन बांधकामाचा समावेश सन 2027-28 च्या जिल्हा वार्षिक योजनेत करणेबाबत."

वर्ष नीट पाहा. सप्टेंबर 2026 मध्ये पत्र देत असाल तर मागणी 2027-28 ची. खाली पाच ओळी: पटसंख्या, कमी पडणाऱ्या खोल्या, अंदाजित रक्कम, जागा उपलब्ध असल्याचा उल्लेख, सोबतच्या कागदांची यादी. मूळ पत्र यंत्रणेला, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांना. प्रत जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना आणि आमदारांना. पालकमंत्र्यांना द्यायची तर जरूर द्या, पण मूळ पत्र त्यांना आणि प्रत यंत्रणेला, असं उलट करू नका. वरून आलेलं पत्र शेवटी त्याच टेबलावर येतं, फक्त दोन महिने उशिरा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या लोकशाही दिनातही काहीजण हे पत्र घेऊन रांग धरतात. तो दिवस वैयक्तिक तक्रारींसाठी आहे. नव्या कामाची मागणी तिथे नेऊ नका.

टप्पा 6: पुस्तक उघडून आपलं काम शोधा

मार्चमध्ये टीव्हीवरची घोषणा ऐकून पेढे वाटू नका. भाषण वेगळं आणि मागण्यांची, म्हणजे विभागवार खर्चाची, पुस्तकं वेगळी. ती वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असतात. प्रत्येक विभागाला अक्षर आहे: शालेय शिक्षण ई, सार्वजनिक बांधकाम एच, ग्रामविकास एल, सार्वजनिक आरोग्य आर, आदिवासी विकास टी. आणि गंमत इथेच आहे. जिल्हा वार्षिक योजनेतल्या शाळेचा पैसा ई मध्ये शोधाल तर सापडणार नाही. तो नियोजन विभागाच्या ओ मालिकेत, जिल्ह्याच्या नावाच्या मागणीखाली असतो.

आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पुस्तकातले आकडे हजार रुपयांत असतात. 25,00,00 असं छापलेलं दिसलं तर मागे तीन शून्यं लावा, म्हणजे 25 कोटी झाले. ते 25 लाख समजून आंदोलनाची हाक दिलेली मंडळी मला माहीत आहेत. याउलट जिल्हा योजनेच्या आराखड्यात आकडे लाखांत असतात. दोन्ही कागद शेजारी ठेवाल तेव्हा आधी वरच्या कोपऱ्यातलं एकक वाचा.

दुसरी गोष्ट रकान्यांची. 2026-27 च्या पुस्तकात 2024-25 चा प्रत्यक्ष खर्च, 2025-26 चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि मग 2026-27 चा अंदाज असतो. बहुतेकजण शेवटचाच रकाना बघतात. मी पहिला बघतो. तरतूद दरवर्षी मोठी आणि प्रत्यक्ष खर्च दरवर्षी निम्मा असेल, तर त्या शीर्षात यंदाही तसंच होण्याची शक्यता धरा. एक हजार रुपयांची तरतूद दिसली तर ती लाक्षणिक तरतूद. शीर्ष उघडलं आहे, पैसा अजून यायचा आहे.

जिल्हा योजनेच्या पुस्तकात तुमच्या शाळेचं नाव नसतं, फक्त योजनेची एकूण रक्कम असते. कामनिहाय यादी यंत्रणेकडे आणि जिल्हा नियोजन कार्यालयात मिळते. बांधकाम विभागाच्या राज्यस्तरीय रस्त्यांचं मात्र कामनिहाय छापलं जातं, त्याला कार्यालयात व्हाईट बुक म्हणतात.

टप्पा 7: तरतूद झाली, पैसा आला का?

तरतूद, वितरण आणि खर्च या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम वित्त विभाग बीम्स या संगणक प्रणालीतून हप्त्याहप्त्याने सोडतो. तंगी असेल तर हात आखडतो. कोविडच्या वर्षी 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने बहुतेक कार्यक्रमांना तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल असं ठरलं, तेव्हा पुस्तकात पूर्ण रक्कम छापलेली होती.

एप्रिलपासून विचारायचे प्रश्न, याच क्रमाने:

1. प्रशासकीय मान्यता मिळाली का? तिचा दिनांक व क्रमांक काय? जिल्हा योजनेच्या मान्यता आयपास प्रणालीतून होतात, त्यामुळे "फाईल सापडत नाही" हे उत्तर सहसा पटवून घेऊ नका.
2. तांत्रिक मान्यता झाली का?
3. निविदा कधी निघाली?
4. कार्यारंभ आदेश कोणाला, किती मुदतीचा?
5. बीम्सवर किती निधी वितरित झाला आणि त्यातला किती आहरित झाला, म्हणजे प्रत्यक्ष काढला गेला?

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि 150 शब्दांच्या आत ठेवा. "शाळेसंबंधी सर्व माहिती" असं मागू नका, वरच्या पाच प्रश्नांतले कागद नावाने मागा. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

सावध: दिवाळीपर्यंत कार्यारंभ आदेश नसेल तर काळजी करायला लागा. जानेवारीत निविदा, मार्चमध्ये देयक, या घाईत पाया किती खोल खणला ते कुणी मोजत नाही.

टप्पा 8: वेळ चुकली असेल तर

वर्ष बुडालं म्हणून हात झटकू नका, दोन खिडक्या उरतात. पुरवणी मागण्या पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात येतात, पण त्यात शिरण्यासाठी मंत्रालयातल्या विभागाकडून प्रस्ताव जावा लागतो, म्हणजे आमदारांचा पाठपुरावा हवा. दुसरी खिडकी पुनर्विनियोजनाची. ज्या योजनेचा पैसा खर्ची पडत नाही तो डिसेंबर-जानेवारीत गरजेच्या योजनेकडे वळवला जातो. तेव्हा हाताशी तयार काम लागतं, आणि तिसऱ्या टप्प्यातला संच कपाटात असेल तर हीच तुमची वेळ. निवेदनासाठी जे लोक फेब्रुवारीत येतात त्यांनी नुसता संच घेऊन डिसेंबरात यावं, निम्म्यांचं काम होईल असं मला वाटतं.

जिल्हा परिषदेला मिळालेला शासनाचा निधी साधारणपणे पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्च करता येतो. शासकीय खात्यांचा मात्र 31 मार्चला व्यपगत होतो, म्हणजे बाद होतो. त्यामुळे "मार्च संपला, पैसे गेले" हे उत्तर जिल्हा परिषदेच्या कामाबाबत मिळालं तर लगेच मान डोलवू नका, निधी कोणत्या वर्षाचा ते विचारा.

अर्धवट कामाचे उरलेले पैसे पुढच्या वर्षी दायित्व म्हणून धरतात आणि नव्या कामांआधी ते भागवायचे असतात. मे महिन्यात यंत्रणेकडून दायित्वाची यादी मागून घ्या आणि आपल्या शाळेसमोरचा आकडा बघा. तिथे शून्य लिहिलं असेल आणि खोलीवर अजून स्लॅब पडला नसेल, तर कागदावर तुमची शाळा बांधून झाली आहे. त्याच दिवशी फोटो काढा आणि शिक्षणाधिकारी व जिल्हा नियोजन अधिकारी या दोघांना लेखी कळवून पोच घ्या.